घाटात रेंज नाही? उपग्रहावरून पावसाचे आकडे पाठवणारं केंद्र पहिल्यांदा उभारताना

२३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आदल्याच दिवशी चिपळूण पाण्याखाली गेलं होतं, वीज गेली होती आणि मोबाइलही लागत नव्हते. घाटमाथ्यावर किती पाऊस पडतोय आणि नदी किती चढलीय हे खाली राहणाऱ्यांना ज्या तासाला कळायला हवं, नेमक्या त्याच तासाला टॉवर बंद पडतात. उपग्रहावर चालणारं दूरमापन केंद्र त्या तासासाठी असतं. फेब्रुवारीतल्या निरभ्र दुपारी केंद्र चालतंय यावर समाधान मानू नका. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, दहा दिवस ऊन नसताना ते चालेल का, हा प्रश्न प्रत्येक स्क्रू आवळताना समोर ठेवा. हा लेख या कामात नव्याने आलेल्या कनिष्ठ अभियंत्यांसाठी, तंत्रज्ञांसाठी आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी आहे.

आधी गरज ठरवा, मग परवानगी

जागेवर मोबाइलची रेंज बारा महिने, पावसातही, टिकत असेल तर उपग्रहाच्या भानगडीत पडू नका. सिमकार्डवर चालणारं यंत्र स्वस्त पडतं, दुरुस्तीला सोपं जातं आणि त्याच्याशी दोन्ही बाजूंनी बोलता येतं. उपग्रह लागतो तो घाटमाथ्यावर, धरणांच्या वरच्या पाणलोटात आणि जंगलातल्या नाल्यांवर. रेंज आहे पण पुरात भरवसा नाही, अशा ठिकाणी दोन्ही ठेवावं.

परवानगीच्या बाबतीत मी कडक आहे. भारतात सरकारच्या परवानगीशिवाय उपग्रहाशी बोलणारं कोणतंही यंत्र चालवणं गुन्हा आहे. इरिडियम या उपग्रह सेवेचं मॉडेम परदेशी संकेतस्थळावरून मागवून शेतावर बसवलं, असं इथे चालत नाही. गार्मिनचं इनरिच हे गिर्यारोहकांचं छोटं यंत्र जवळ बाळगल्यामुळे गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवासी अडचणीत आले आहेत. हेतू चांगला होता म्हणून सुटका होत नाही.

सरकारी खात्यांसाठी इन्सॅट या भारतीय उपग्रहांचा रस्ता आहे. इन्सॅट-३डी (२०१३) आणि इन्सॅट-३डीआर (२०१६) या हवामान उपग्रहांवर जमिनीवरच्या केंद्रांचे संदेश उचलून खाली देणारा डेटा रिले ट्रान्सपाँडर आहे. २००२ साली सोडलेल्या कल्पना-१ वरही तो होता. भारतीय हवामान विभागाची स्वयंचलित केंद्रं याच मार्गाने बोलत आली आणि त्यांचं ग्रहण केंद्र आपल्या पुण्यात आहे. केंद्रीय जल आयोगही नद्यांची पातळी अशीच मिळवतो. तुमचं काम खात्याचं असेल तर केंद्राचा ओळखक्रमांक, वारंवारता आणि संदेश पाठवायची वेळ लेखी घ्या. महाविद्यालय किंवा खासगी संस्था असाल तर एखाद्या खात्याशी करार करून काम करा, नाहीतर भारतात परवाना असलेल्या सेवादात्याकडूनच टर्मिनल (उपग्रहाशी बोलणारं यंत्र) घ्या. कागद हातात आल्याशिवाय यंत्रांची ऑर्डर देऊ नका.

पुढे जे लिहिलंय ते इन्सॅटवरचं, पर्जन्यमापक आणि रडार पातळीमापक (वरून रडारने पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारं यंत्र) असलेलं केंद्र धरून. सेवा दुसरी असली तरी अँटेना आणि संदेशाच्या वेळेचा भाग सोडून बाकी सगळं तसंच लागू पडतं.

सगळं टेबलावर जोडा

केंद्रात असतात सेन्सर, त्यांची वाचनं नोंदवून ठेवणारा डेटा लॉगर, ट्रान्समीटर, अँटेना, वेळ घेण्यासाठी जीपीएस, बॅटरी, चार्ज कंट्रोलर आणि सोलर पॅनेल. हे सगळं ऑफिसात टेबलावर जोडून किमान आठवडाभर चालवा. ट्रान्समीटरच्या तोंडाला अँटेनाऐवजी डमी लोड, म्हणजे त्याची शक्ती जिरवणारा रोधक, लावा. अँटेना किंवा लोड नसताना ट्रान्समीटर एकदा जरी सुरू झाला तरी त्याचा शेवटचा टप्पा जळू शकतो. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना नंबरची पट्टी लावा. घाटात धुकं, पाऊस आणि टॉर्चच्या उजेडात लाल आणि तपकिरी रंग वेगळे ओळखू येत नाहीत.

टेबलावरच पर्जन्यमापक तपासून घ्या. टिपिंग बकेट जातीच्या पर्जन्यमापकात एका बाजूच्या चमच्यात ठरावीक पाणी साठलं की तो कलंडतो, चुंबकी स्विच एक टिचकी देतो आणि लॉगर ती मोजतो. २०० मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१.४ मिलिलिटर पाणी. चमचा ०.५ मिलिमीटरचा असेल तर ३१४ मिलिलिटर पाण्याला २० टिचक्या पडायला हव्यात. बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून हे पाणी अर्ध्या तासात हळूहळू सोडा. १९ किंवा २१ आल्या तर चमच्याखालचे स्क्रू फिरवून परत करा. मग तेच पाणी पाच-सहा मिनिटांत ओता आणि टिचक्या किती कमी पडतात ते टिपून ठेवा. जोराच्या पावसात चमचा कलंडतानाच्या क्षणी वरून येणारं पाणी मोजलं जात नाही, म्हणून धो धो कोसळताना हे यंत्र पाऊस कमी दाखवतं. पुराच्या दिवशी तोच पाऊस असतो. दोन्ही आकडे केंद्राच्या वहीत लिहून ठेवा, पुढे दुरुस्तीचं गणित करणाऱ्याला ते लागतील.

जागा

पर्जन्यमापकाला मोकळी जागा लागते. झाड, इमारत किंवा टेकाड त्याच्यापासून स्वतःच्या उंचीच्या किमान दुप्पट लांब असावं. त्याच वेळी घाटाच्या अगदी कड्यावर, जिथे वारा सरळ वर चढतो तिथे, ते ठेवू नये, कारण वाऱ्यामुळे थेंब तोंडावरून उडून जातात.

उपग्रह दिसण्याची चिंता आपल्याकडे कमी आहे. इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या डोक्यावरच. पुण्याहून तो थेट दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ६८ अंश वर दिसतो. महाबळेश्वरहून ६९ अंश. ८२ अंश पूर्वेचा उपग्रह वापरायचा असेल तर पुण्याहून दिशा १५६ अंश आणि उंची ६६ अंश. समोर डोंगर असला तरी एवढ्या उंच कोनात तो आड येत नाही. आड येते ती वरची फांदी, आणि फेब्रुवारीत बोडकं दिसणारं झाड जुलैत गच्च पानांचं असतं.

नदीवर रडार बसवायचा तर पूल उत्तम. दहा अंशांचा झोत १० मीटर खाली पोचेपर्यंत पावणेदोन मीटर रुंद होतो, म्हणून ब्रॅकेट पुलाच्या खांबापासून तेवढा बाहेर घ्या. शक्यतो पुलाच्या, प्रवाह जिकडे जातो त्या अंगाला लावा. पुरात वरून येणारे ओंडके पहिल्या अंगाला आदळतात.

ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, जमीन वन खात्याची असेल तर त्यांची मंजुरी घ्या आणि जवळच्या वाडीतल्या एका माणसाला केंद्राचं काम नीट समजावून सांगा. त्या बॉक्समध्ये चोरण्यासारखं काय आहे यापेक्षा त्याचा गावाला उपयोग काय, हे गावाला माहीत असलेलं केंद्र जास्त टिकतं.

खांब, अर्थिंग आणि वळीव

जांभ्यावर आणि काळ्या कातळावर अर्थिंग मिळणं अवघड असतं. एक सळई ठोकून काम भागत नाही. माती असलेली जागा शोधून खड्डा घ्या, बेंटोनाइट ही ओल धरणारी माती भरा, गरज पडली तर दोन-तीन इलेक्ट्रोड तांब्याच्या पट्टीने जोडा आणि मीटरने मोजून ५ ओहमच्या आत आणायचा प्रयत्न करा. वीज पडण्याचा धोका जुलैपेक्षा एप्रिल-मेच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात जास्त असतो. अँटेनाच्या केबलवर आणि प्रत्येक लांब सेन्सर केबलवर विजेचा झटका जमिनीत वळवणारा सर्ज अरेस्टर हवा. खांब, बॉक्स, अरेस्टर आणि पॅनेलची चौकट हे सगळं एकाच अर्थला जोडा. दोन वेगळे अर्थ ठेवले तर वीज पडल्यावर त्यांच्यातला विद्युत दाब (व्होल्टेज) लॉगरमधूनच वाट काढतो.

केबल बॉक्समध्ये खालून घ्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्या, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल. उघड्या केबल जीआय पाइपातून न्या, माकडं आणि उंदीर दोघंही त्या सोडत नाहीत.

बॅटरीचं गणित

बंद पडलेल्या केंद्रांत मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेलं कारण बॅटरी. तिचा हिशेब अंदाजाने करू नका.

उदाहरण घ्या. लॉगर आणि सेन्सर मिळून सरासरी २० मिलिअँपिअर खातात. २४ तासांत ०.४८ अँपिअर-तास. ट्रान्समीटर सुरू असताना २.५ अँपिअर ओढतो आणि दर तासाला दहा सेकंद चालतो, म्हणजे दिवसाला २४० सेकंद, ०.१७ अँपिअर-तास. रडार प्रत्येक वाचनाला जागा होतो आणि जीपीएस मधून मधून वेळ घेतो, त्यांचे ०.२ धरा. बेरीज ०.८५, आपण १ धरू. घाटात सलग बारा दिवस पॅनेलकडून जवळजवळ काही मिळणार नाही असं समजा. १२ अँपिअर-तास लागले. शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून २४. दोन-तीन वर्षांत तिची क्षमता उतरणार, म्हणून ४२ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी घ्या. खर्चात फरक थोडाच पडतो.

पॅनेल किमान ४० वॉटचं. त्याचा कल दक्षिणेकडे १५ ते २० अंश पुरे. जून-जुलैत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि ढगाळ दिवशी उजेड सगळ्या आकाशातून येतो, त्यामुळे पॅनेल जास्त उभं केलं तर पावसाळ्यात तोटाच होतो. अगदी सपाटही ठेवू नका, शेवाळ धरतं.

बॅटरीचा दाब प्रत्येक संदेशात पाठवा, आणि तो ट्रान्समीटर चालू असतानाचा पाठवा. आराम करत असलेली खराब बॅटरीसुद्धा १२.६ व्होल्ट दाखवते. अडीच अँपिअर ओढल्यावर ती ११ च्या खाली जाते का, तिथे तिचं खरं रूप दिसतं.

अँटेना

इन्सॅटचा हा मार्ग ४०२.७५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. तरंगाची लांबी पाऊण मीटर, त्यामुळे पावसाचे थेंब त्याला अडवत नाहीत. केयू-बँड व्हीसॅटचे (छोट्या तबकडीच्या उपग्रह टर्मिनलचे) तरंग दोन-अडीच सेंटीमीटरचे, मुसळधार पावसात त्यांचा सिग्नल कोसळतो. घाटासाठी हा फरक फार मोठा आहे.

अँटेना बहुधा क्रॉस यागी, म्हणजे एका दांड्यावर एकमेकींना काटकोनात बसवलेल्या आडव्या काड्यांची, असते. तिचा झोत रुंद असल्याने चार-पाच अंश इकडेतिकडे झाले तरी चालतं. कंपासने दिशा लावताना लोखंडी खांबापासून दोन-तीन मीटर लांब उभे राहा, नाहीतर सुई खांबाकडे वळते. उंचीचा कोन मोबाइलमधल्या कोनमापकाने अँटेनाच्या दांड्याला टेकवून घेता येतो. दांड्याचे घटक कोणत्या क्रमाने बसवायचे ते निर्मात्याच्या चित्रावरून तंतोतंत करा. तरंगाच्या फिरकीची दिशा (ध्रुवण) उलटी झाली तर दिशा बरोबर असूनही उपग्रहाला काही ऐकू येणार नाही.

केबलवर पैसे वाचवू नका. आरजी-५८ सारख्या बारीक केबलच्या १० मीटरमध्ये या वारंवारतेला निम्म्याहून जास्त शक्ती वाटेतच संपते. एलएमआर-४०० जातीची जाड केबल घ्या आणि लांबी कमीत कमी ठेवा. प्रत्येक जोडावर आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वर साधी काळी टेप. मग वॉटमीटर लावून परत येणारी शक्ती मोजा. एसडब्ल्यूआर, म्हणजे किती शक्ती परत येते ते दाखवणारं गुणोत्तर, १.५ च्या आत हवा. तो वहीत लिहा, कारण वर्षभराने तो २ झाला तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय हे बॉक्स उघडण्याआधीच कळेल.

वेळ आणि संदेश

या व्यवस्थेत शेकडो केंद्रं एकच वारंवारता वापरतात. कालव्यावर जशी पाणीपाळी ठरलेली असते, तशी प्रत्येक केंद्राला तासातले काही ठरावीक सेकंद मिळतात. स्वस्त घड्याळाचा स्फटिक दिवसाला पावणेदोन सेकंद सरकतो, आठवड्यात बारा सेकंद, म्हणजे तुमचा संदेश दुसऱ्याच्या पाळीत घुसून दोघांचेही वाया जातात. म्हणून जीपीएस हवाच, आणि जीपीएसची वेळ मिळाली नाही तर ट्रान्समीटरने गप्प बसायचं अशी सोय सेटिंगमध्ये करा. काही केंद्रं वेगळ्या पद्धतीने, ठरलेल्या पाळीऐवजी यादृच्छिक क्षणी एकच संदेश पुन्हा पुन्हा पाठवतात. तुम्हाला कोणती पद्धत दिली आहे ते परवानगीच्या कागदावर असतं.

दुसरी गोष्ट नव्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. हा मार्ग एकतर्फी आहे. केंद्र बोलतं, पण त्याला ऐकू काही येत नाही. संदेश पोचला का हे त्याला कळत नाही, आणि तुम्हालाही ऑफिसातून ते रीस्टार्ट करता येत नाही. संदेशाची सगळी रचना हे धरून करायची.

पाऊस तासाचा पाठवू नका, एकूण बेरीज पाठवा. समजा दुपारी २ ला १०४२.५, ३ चा संदेश हरवला आणि ४ ला ११३१.० आला. मधल्या दोन तासांत ८८.५ मिलिमीटर पडला हे तरी पक्कं कळतं. तासाचा आकडा पाठवत असतात तर ३ चा पाऊस कायमचा गेला असता. जोडीला मागच्या दोन तासांची वाचनंही प्रत्येक संदेशात ठेवा.

आकड्याला जागा पुरेशी द्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. बेरजेसाठी ९९९.९ पर्यंतचीच जागा ठेवली तर घाटावर एका मोसमात ती अनेकदा भरून उलटते.

बंद सेन्सरसाठी शून्य कधीही पाठवू नका. शून्य म्हणजे पाऊस नाही. तार तुटली असेल तर ठरवून दिलेला वेगळा खुणेचा आकडा जाऊ द्या. खाली बसलेला माणूस त्या शून्यावर विसंबून निर्णय घेत असतो.

लॉगरचं घड्याळ जागतिक वेळेवर (यूटीसी) ठेवा आणि रूपांतर ग्रहण केंद्रात करा. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे जागतिक वेळेचे ०३:००. हे साडेपाच तास विसरले गेले की एका दिवसाचा पाऊस दुसऱ्या दिवशी लिहिला जातो.

नदीची पातळी पाठवताना रडारचं कच्चं अंतरही पाठवा. रडारच्या तोंडाची तलांक उंची (ठरलेल्या पायापासूनची उंची) ९८.४२ मीटर आणि पाण्यापर्यंतचं अंतर ६.१८ मीटर असेल तर पातळी ९२.२४. ती ९८.४२ कुठल्या बेंचमार्कवरून (उंची माहीत असलेल्या खुणेवरून) आणली हे वहीत नोंदवा आणि त्याच क्षणी पुलाच्या गेजपट्टीवरची पातळी वाचून ताडून पाहा. दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर केंद्र सुरू करू नका, सर्व्हे पुन्हा करा.

पहिला संदेश

ग्रहण केंद्रातल्या माणसाशी आधी बोलून वेळ ठरवा. तुमच्याकडे रेंज नसणार, म्हणून एक जण रेंजच्या जागी आणि एक जण केंद्रावर. पहिले तीन-चार तास थांबा. नुसता संदेश आला का एवढंच विचारू नका. सिग्नल किती ताकदीचा होता, वारंवारता किती सरकलेली होती आणि संदेश पाळीच्या मध्यावर आला की काठावर, हे तिन्ही विचारा. मग पर्जन्यमापकात मोजून ३१४ मिलिलिटर पाणी सोडा आणि पुढच्या संदेशात बेरीज बरोबर १० मिलिमीटरने वाढली का ते पाहा. ही चाचणी म्हणून वहीत आणि ग्रहण केंद्रात, दोन्हीकडे लिहा, नाहीतर मार्चमधला तो पाऊस कुणाच्या तरी अभ्यासात जाऊन बसेल.

मे महिन्यातली फेरी

वर्षातून एकदाच जाता येणार असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पानं, कोळ्याची जाळी आणि गांधीलमाश्यांचं घर असतं, ते काढा. ३१४ मिलिलिटरची चाचणी पुन्हा करा. बॉक्समधल्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा रंग पाहा, दरवाजाचं रबर बदला. बॅटरीवर तारखेची चिठ्ठी असू द्या आणि तीन वर्षं झाली की दाब चांगला दिसत असला तरी ती बदला. अँटेनावर वाढलेली फांदी कापा. लॉगरच्या मेमरीतला पूर्ण वर्षाचा डेटा उतरवून घ्या, कारण हरवलेल्या संदेशांची भरपाई तिथूनच होते.

आणि जुलैत संदेश यायचे थांबले तर घाटात गाडी घालण्याआधी शेवटच्या दोन दिवसांचे बॅटरीचे आकडे काढा. दाब रोज थोडा थोडा उतरत गेला असेल तर नवी बॅटरी घेऊन निघा. दाब चांगला असताना संदेश अचानक थांबला असेल तर सोबत सर्ज अरेस्टर, फ्यूज आणि शक्य असेल तर पर्यायी ट्रान्समीटर हवा. संदेश येतायत पण पाऊस तासन्‌तास एकाच आकड्यावर अडकलाय आणि शेजारच्या केंद्रांवर मात्र कोसळतोय, असं असेल तर नरसाळं तुंबलंय. त्याला वाडीतला तो माणूस पुरेसा आहे. नरसाळं उचलून जाळी कशी साफ करायची हे त्याला उभारणीच्या दिवशीच दाखवून ठेवा, आणि त्याच्या कामाचा मोबदला अंदाजपत्रकात धरा.